नोकरी सोडून पाट्यांच्या धंद्यात: आधी शिडी घ्या, मशीन नंतर

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी राजीनाम्याचा विषय काढला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "डिप्लोमा करून आता दुकानांच्या पाट्या लावणार का रे?" तिचं बरोबर होतं, चुकत मीच होतो. मला वाटत होतं की मी पाट्या 'डिझाइन' करणार आहे. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये अकरा वर्षं काढली होती, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर हात चांगला बसला होता आणि डोक्यात एका लेझर मशीनचं कोटेशन घोळत होतं. ते मशीन तेव्हा घेतलं नाही ही देवाची कृपा.

या धंद्यात डिझाइनचे पैसे सहसा कोणी देत नाही. माप बरोबर घेतलं, बोर्ड ओळंब्यात लावला आणि दोन पावसाळे झाले तरी तो पेटतो आहे, याचे पैसे मिळतात. म्हणजे कमाई भिंतीवर होते, कॉम्प्युटरवर नाही. नोकरीतून इकडे वळायचं म्हणणाऱ्याने खर्चाचा आणि शिकण्याचा क्रम यावरूनच लावावा.

नोकरी चालू असतानाच उरकायची कामं

नेमणूकपत्र काढून वाचा. दुसरं काम करायला मनाई असेल तर रविवारची ऑर्डर स्वतःच्या नावाने घेऊ नका. एखाद्या बोर्डवाल्याकडे फुकटात हेल्पर म्हणून जा. मी सात महिने दर रविवारी एका फिटरबरोबर फिरलो. तो मला शिडी धरायला लावायचा आणि चहा पाजायचा. एवढ्यावर जे शिकलो ते कुठल्याही कोर्सला मिळालं नसतं.

ग्रॅच्युइटीचा हिशेब करा. कायम नोकरीत ५ वर्षं सलग झाली की ती मिळते: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार १८,००० असेल तर ५ वर्षांचे साधारण ५१,९०० रुपये होतात. पाच वर्षांना चार महिने कमी असतील तर दात आवळून चार महिने काढा. पीएफला हात लावू नका.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी आधीच काढून ठेवा, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि ते घड्याळ पॉलिसी घेतल्या दिवसापासून चालतं. घराचं किंवा गाडीचं कर्ज, क्रेडिट कार्ड, जे लागणार असेल ते पगाराची स्लिप हातात असताना घ्या. नवीन धंदेवाल्याला बँक दारात उभं करते, पण बसा म्हणत नाही.

घरखर्चाचे सहा महिने वेगळे बाजूला. धंद्याचं भांडवल हे त्याच्याव्यतिरिक्त.

कुठल्या पाट्या?

फ्लेक्सच्या नादी लागू नका. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा म्हणून नाही, पण फ्लेक्स प्रिंटिंगमध्ये भाव स्क्वेअर फुटाला रुपया-दोन रुपयांवर तुटतो आणि ज्याचं मोठं मशीन दिवसरात्र चालतं तोच टिकतो. निवडणुकीत, गणपतीत काम ढीगभर. बाकी वर्ष मशीनवर कापड टाकून ठेवा.

नव्या माणसाला दोन दारं उघडी आहेत. एक, दुकानांचे एसीपीचे (अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या शीटचे) बोर्ड आणि उठावदार पेटती अक्षरं. दुसरं, कारखान्यांच्या पाट्या, आणि नोकरीतून आलेल्याचं खरं माहेर हेच. मकरपुरा, नंदेसरी, वाघोडिया, सावलीजवळचं मंजुसर, पलीकडे हालोल, सगळीकडे कारखानेच. तिथे सुरक्षेच्या पाट्या लागतात, पाइपलाइनची लेबलं लागतात, अंधारात चमकणाऱ्या बाहेर पडायच्या रस्त्याच्या पाट्या लागतात. बडोद्यात ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरचं काम मोठं, त्यामुळे मशीनवरच्या स्टीलच्या आणि अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमच्या नेमप्लेटही सतत लागतात. सुरक्षेच्या रंगांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ९४५७: मनाईला लाल, इशाऱ्याला पिवळा, 'हे कराच' याला निळा, सुरक्षित वाटेला हिरवा. हे तोंडपाठ ठेवा. सेफ्टी ऑफिसरसमोर 'हेल्मेट घाला'ची पाटी लाल रंगात दाखवलीत तर पुढचं काम विसरा.

शिडी, आणि बाकीचं सामान

पहिली खरेदी शिडीची. अॅल्युमिनियमची हलकी पडते, पण तिच्यातून वीज जाते आणि जुन्या शहरात तारा डोक्याशी असतात. फायबरची घ्या. जड आहे, महाग आहे, घ्याच. मग हॅमर ड्रिल, रिव्हेट गन, पाणसळ, ओळंबा, चांगली मेजर टेप, मल्टिमीटर, दोन सेफ्टी बेल्ट, दोन हेल्मेट. एवढ्यावर धंदा सुरू होतो.

बाकी सगळं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर पैसे देऊन करून घ्यायचं. सीएनसी राउटरवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर) कटिंग, लेझरवर अॅक्रिलिक, प्रिंटिंग, फ्रेमचं वेल्डिंग, या सगळ्यांची दुकानं आहेत आणि निम्म्यांची मशीनं अर्धा दिवस रिकामी असतात. दोघा-तिघांशी संबंध ठेवा, म्हणजे एकाचं मशीन बंद पडलं तरी तुमचं काम अडत नाही. आपलं मशीन कधी घ्यायचं याचा माझा ठोकताळा असा: एका प्रकारच्या जॉबवर्कचं बिल सलग सहा महिने 'मशीनचा हप्ता अधिक ऑपरेटरचा पगार' याच्यावर गेलं तर. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पण कर्ज मिळतं म्हणून मशीन घेणं म्हणजे हॉल स्वस्त मिळाला म्हणून लग्न करणं.

एक धोक्याची गोष्ट. लेझरवाल्याला पीव्हीसीची फोम शीट किंवा विनाइल कापायला कधी देऊ नका. पीव्हीसी जळताना जो वायू निघतो त्याचं ओलाव्यात हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. फुप्फुसं जातात आणि मशीनही गंजतं. ती राउटरवर कापायची. अॅक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म सर्रास वापरतात, ते बंद खोलीत करू नका.

माप: इथे घाई केली की पैसे गेले

समजा दुकानदार म्हणाला, "दस बाय तीन." ते मनात ठेवा आणि स्वतः मोजा. रुंदी तीन ठिकाणी: वर, मध्ये, खाली. उंची तीन ठिकाणी: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. जुन्या घरांच्या भिंतीत दीड-दोन इंचांचा फरक नेहमीचा. सगळ्यांत लहान माप धरायचं. मग ओळंबा सोडून भिंत पुढे झुकली आहे का ते बघा. शटर पूर्ण वर करायला लावा, कारण शटरच्या पेटीचं झाकण उघडण्यापुरती जागा सोडली नाही तर पुढच्या वर्षी शटर दुरुस्त करणारा तुमचा बोर्ड उचकटेल. विजेचा पॉइंट कुठे आहे, तो कोण देणार, शेजाऱ्याचा एसी पाणी कुठे टाकतो, वर झाड आहे का, खाली गटाराचं झाकण आहे का, म्हणजे शिडी टेकणार कुठे? प्रत्येक मापाचा टेप लावून फोटो काढा.

आता त्या दहा बाय तीनचं पुढे काय होतं ते बघा. एसीपीची शीट आठ बाय चारची. दहा फूट एका शीटमध्ये बसत नाही, सांधा येणारच. तो आठ फुटांवर आला तर बोर्ड फाटक्या कोटासारखा दिसतो. पाच-पाच फुटांचे दोन तुकडे करून सांधा मध्यावर आणायचा आणि तिथे अक्षर येईल असं बघायचं. कडा तीन-तीन इंच मागे वळवल्या तरी उंची साडेतीन फूट, म्हणजे चारात बसते. मागची फ्रेम एक इंची चौकोनी पाइपची: बाहेरचा घेर २६ फूट, उभ्या पट्ट्या अडीच, पाच आणि साडेसात फुटांवर, त्यात सांध्याखाली दुहेरी, असे १२ फूट, आणि मधली आडवी १० फूट. एकूण ४८. पाइप २० फुटी येतो, तीन नग लागतात, आणि उरलेल्या बारा फुटांत भिंतीचे ब्रॅकेट निघतात. हा हिशेब दुकानदारासमोर, त्याच्याच बिलबुकाच्या मागच्या पानावर केलात की निम्मी ऑर्डर तिथेच पक्की होते.

अक्षराच्या उंचीला माझं माप दहा फुटांना एक इंच. साठ फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर सहा इंच. आर. सी. दत्त रोडसारख्या वाहत्या रस्त्यावर याच्या दुप्पट-तिप्पट करा, कारण वाचणारा स्कूटरवर असतो. मांडवीच्या आतल्या गल्ल्यांत उलट. तिथे भिंतीला चिकटलेला मोठा बोर्ड कोणालाच दिसत नाही, काटकोनात बाहेर आलेला दुतोंडी छोटा बोर्ड दिसतो. बाहेर किती काढता येईल हे मात्र पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारूनच.

अक्षरं

इथे बडोद्याची गंमत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुजरात सरकारने तेव्हाच्या आठही महानगरांत सार्वजनिक ठिकाणच्या पाट्यांवर गुजराती हवी असं ठरवलं, त्यामुळे मॉल-हॉटेलांचंही गुजराती काम येतं. आणि गुजरातीला शिरोरेषा नाही. 'गणेश' हा शब्द देवनागरीत कापा: बहुतेक फॉन्टमध्ये शिरोरेषेला लटकलेला एकच सलग तुकडा निघतो. (ध, भ, थ आले की रेषा तुटते, तेवढं सांभाळायचं.) तोच शब्द गुजरातीत कापा: ग चे दोन तुकडे, ण चे दोन, श चे दोन. सहा तुकडे, म्हणजे सहा वेळा ठोकणं, सहा भोकं, सहा वायरी. भाव देताना हे मोजलं नाही तर फिटिंगची मजुरी आपल्या खिशातून जाते.

आणि टिंबं! माझ्या चौथ्या की पाचव्या कामात दुकानाच्या नावात 'आनंद' होतं. लेझरच्या जाळीतून अनुस्वाराचं टिंब खाली पडलं, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि आम्ही मोठ्या दिमाखात 'आनद' पेटवून दिलं. मालकाच्या म्हाताऱ्या आईने खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, "भाई, टपकुं क्यां गयुं?" शिडी पुन्हा लावली, नवीन टिंब कापलं, दिवस गेला. तेव्हापासून प्रत्येक कामाबरोबर टिंबांचं वेगळं पाकीट असतं, वर संख्या लिहून.

फाइल जॉबवर्कला देताना मजकूर कोरलमध्ये कंट्रोल-क्यू करून कर्व्हमध्ये बदला, म्हणजे अक्षरं फॉन्टवर अवलंबून न राहता नुसत्या रेषा होतात. जुने गुजराती फॉन्ट समोरच्याच्या कॉम्प्युटरवर नसले की अक्षरांची खिचडी होते. त्याआधी ग्राहकाकडून नाव, ऱ्हस्व-दीर्घ, फोन नंबर, रंग यांना लेखी होकार घ्या. व्हॉट्सअॅपवर 'ओके' आलं तरी चालेल, तोंडी नको.

अक्षर सुचवायला माणूस हवा असेल तर शहर श्रीमंत आहे. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले, आणि १९५० पासून विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी आहे. तिथल्या अप्लाइड आर्ट्सच्या मुलामुलींना कामामागे पैसे देऊन अक्षरं काढून घ्या. तुम्ही शिडीवर राहा.

दिवे

मॉड्यूल, म्हणजे अक्षरांच्या आत बसणारे एलईडीचे छोटे संच, १२ व्होल्टची घ्या, पाण्यापासून बंदिस्त असलेली, आणि एका बोर्डात एकाच बॅचची. नाहीतर अर्धं नाव दुधी आणि अर्धं निळसर दिसतं. पॉवर सप्लायचा हिशेब सोपा आहे. ७० मॉड्यूल, प्रत्येकी १.२ वॉट, म्हणजे ८४ वॉट. सप्लायवर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही, म्हणून ८४ भागिले ०.८, म्हणजे १०५ वॉट. १२ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय १२० वॉट देतो, तो घ्या. वायर बारीक आणि लांब झाली की शेवटची अक्षरं मंद पेटतात. दोन्ही टोकांनी सप्लाय द्या. आणि सप्लायच्या डब्याला जाळी लावा. पाली ऊब शोधत आत जातात, स्वतः मरतात आणि बोर्ड मारतात.

भाव कसा काढायचा

फोनवर कधीही स्क्वेअर फुटाचा भाव सांगू नका. समजा वरच्या बोर्डाचं सामान १४,०००, जॉबवर्क ४,५००, फिटिंगची मजुरी ३,०००, टेम्पो ८००, सिलिकॉन-स्क्रू-टेप ७००. झाले २३,०००. यावर १० टक्के, २,३००, चुकांचे आणि वर्षभराच्या दुरुस्तीचे. मग तुमचे दिवस. नोकरीत ३६,००० मिळत होते आणि महिन्यात २४ दिवस काम, तर दिवस १,५०० चा. दोनदा साइटवर जाणं, डिझाइन, धावपळ, वसुली मिळून अडीच दिवस, म्हणजे ३,७५०. बेरीज २९,०५०. त्यावर २० टक्के नफा, म्हणजे साधारण ३५,०००. नवी माणसं आपले दिवस धरत नाहीत, नफ्यालाच पगार समजतात, आणि वर्षाअखेर 'धंदा तर जोरात आहे, पैसे कुठे गेले?' म्हणून बसतात.

"ओछुं करो ने, भाई" हे येणारच. भाव कमी करू नका, काम कमी करा: अक्षराची खोली तीन इंचांऐवजी दोन, पेटत्या अक्षरांऐवजी खालची ओळ साध्या विनाइलची.

पैसे हातात यायला

दुकानदाराकडून ५० टक्के आगाऊ, ४० टक्के माल साइटवर पोहोचल्यावर, शिडी उघडण्याआधी, आणि १० टक्के पेटल्यावर. क्रम बदलू नका. बोर्ड भिंतीवर गेला की "काले आपी दईश" (उद्या देतो) सुरू होतं आणि लावलेला बोर्ड उतरवून नेणं कुणाच्या जिवावर येत नाही?

कारखान्यांत आगाऊ मिळत नाही, परचेस ऑर्डर मिळते. तिथे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, कामाला येते. ती फुकट आहे, ऑनलाइन होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे आणि सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, हा २००६ चा एमएसएमई कायदा. त्याला १ एप्रिल २०२४ पासून तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी (एच) ने दात आले: मुदतीत पैसे दिले नाहीत आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मार्च उजाडला की अकाउंट्सवाले स्वतः फोन करतात. मी अकरा वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलो आहे, कुठली बिलं वर ठेवली जातात ते पाहिलं आहे.

जीएसटीची मर्यादा मालाला ४० लाख, सेवेला २० लाख. आपलं काम दोन्हीचं मिश्रण असल्याने सीएला एकदा विचाराच. कारखान्यांचं काम करणार असाल तर मर्यादेची वाट न बघता नंबर घ्या, त्यांना त्याशिवाय बिल चालत नाही. फिटरांचा अपघात विमा पहिल्या महिन्यापासून. आणि गच्चीवरच्या होर्डिंगच्या सांगाड्याचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय घेऊ नका. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला जे होर्डिंग कोसळलं ते १२० बाय १२० फुटांचं होतं. १७ माणसं गेली.

राजीनामा कुठल्या महिन्यात

सलग तीन महिने रविवारच्या कामातून निम्मा पगार सुटू लागला की विचार करा, आणि मग कॅलेंडर बघा. पाऊस सुरू झाला की फिटिंग ठप्प. खरा हंगाम गणपतीपासून चढतो, नवरात्रात गरब्याच्या मैदानांचं काम येतं, आणि दिवाळीआधी सगळी दुकानं एकदम जागी होतात. इथे दिवाळीनंतर बंद झालेली दुकानं लाभपाचमीला मुहूर्ताने उघडतात, आणि नव्या दुकानाला त्या सकाळी बोर्ड हवाच असतो. मुहूर्त सरकत नाही. म्हणून राजीनामा मे-जूनमध्ये द्या. दोन महिन्यांची नोटीस संपते तोवर ऑगस्ट उजाडतो. दिवाळीनंतर नोकरी सोडणाऱ्याला पहिले महिने कोरडे जातात आणि हंगाम येईपर्यंत हिंमत संपते.

शेड घेताना विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर येतं ते शेजाऱ्यांना विचारा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात माझ्या शेडमध्ये गुडघ्याच्या वर पाणी होतं. एसीपीच्या शीट धुऊन वापरल्या, पण जमिनीवरच्या खोक्यातले सगळे पॉवर सप्लाय गेले. आता विजेचं सामान वरच्या फळीवर, पाइप खाली.

आणि एक १० अँपिअरचा सप्लाय, थोडी मॉड्यूलं आणि टेस्टर कायम स्कूटरच्या डिकीत ठेवा. धनतेरसच्या संध्याकाळी साडेसातला कुणाचा तरी फोन येतोच, की भाई, अर्धंच नाव पेटतंय.